एकशे बेचाळीस बोलावणी

डोंबिवली पूर्व
२० फेब्रुवारी १९९८

श्री. कान्हा यांस,

इतक्या दिवसांनी आणि तेही कागदावर का, हा प्रश्न तुला पडणार नाही. आपल्या ई-मेल लिस्टच्या मालकाची पेटी उघडायचा पासवर्ड आपण दोघांनी मिळून ठरवला होता. मी तो परवा बदलला. तरीही त्या पेटीतून तुला काही लिहावंसं वाटत नाही. कोण वाचतंय याची खात्री राहिलेली नाही. पोस्टमन निदान पाकीट फोडत नाही.

सरळ विचारते. मंगळवारपासून लिस्टवर जे चाललंय ते तू करतो आहेस का?

तुला लिस्टवरून काढल्यामुळे तुला काही माहीत नाही असं तू म्हणू शकतोस, म्हणून सांगते. मंगळवार, बुधवार, गुरुवार मिळून अडतीस पत्रं आली. सगळी एकच घोषणा: बोरू या आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली आहे, ती घ्यावी. प्रत्येक पत्र वेगळ्या सभासदाला उद्देशून आहे, पण पाठवलं आहे लिस्टच्या पत्त्यावर. त्या पत्त्यावर आलेलं पत्र सगळ्यांच्या पेटीत पडतं, हे तुला मी सांगायला नको. तेरा पत्रं आली की जवळजवळ एकोणीसशे प्रती फुटतात. लोकांच्या पेट्या भरतात आणि त्यांची कामाची पत्रं परत जातात.

एक नमुना देते. "श्री. दौलत मास्तर, टिटवाळा, यांस. आमचे येथे बोरूची नवी आवृत्ती आली आहे. जुनीत दोष होता तो काढला. आपण अगत्य करून घेऊन जावी. आपला, कान्हा." रोमन अक्षरांत, एकेक शब्द सावकाश टाइप केल्यासारखं. पहिलंच पत्र हे. अडतीस जणांत पहिलं नाव दौलत मास्तरांचं.

हा योगायोग आहे असं तू म्हणणार असशील तर म्हण. नोव्हेंबरात बोरूची ०.४ आवृत्ती तपासायला मी आठ दिवस मागत होते. तू त्याच दुपारी घोषणा केलीस आणि टिटवाळ्याच्या या शिक्षकांनी लिहून ठेवलेली गावच्या इतिहासाची पासष्ट पानं पुसली गेली. मी लिस्टवर तुझी चूक तुझ्या नावाने लिहिली आणि तुला काढलं. तू बंगळूरची नोकरी धरलीस. तिथली कंपनी मराठी टायपिंगचा प्रोग्राम बंद डब्यात विकते. आपला बोरू मोफत, त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला. लिस्ट मोडली तर कुणाचा फायदा, हे मला कागदावर मांडायची गरज वाटत नाही.

कलावती मॅडमनी कळवलं आहे. त्यांच्या संस्थेच्या संगणकावर आपली लिस्ट फुकट चालते, हे तू विसरला नसशील. १५ मार्चपर्यंत हा प्रकार थांबला नाही, आणि कोण करतंय हे मी सांगू शकले नाही, तर त्या लिस्ट काढून टाकणार. दोन वर्षांची जुनी पत्रंही जातील. त्या पत्रांत लोकांनी एकमेकांना काय काय शिकवलं आहे ते तुला माहीत आहे.

हो किंवा नाही, एवढंच कळव.

शीला


डोंबिवली पूर्व
३ मार्च १९९८

श्री. कान्हा यांस,

तुझं कार्ड काल मिळालं. "मी पाठवत नाही. तू विचारलंस यातच सगळं आलं." दोन वाक्यं. मी चार पानं भरून पुरावा दिला होता, त्यातल्या एकाही गोष्टीला उत्तर नाही.

आता पुढचं ऐक. मधल्या काळात मी बसून सगळी पत्रं तपासली. कुठून निघाली, कुठल्या वाटेने आली, किती वाजता. ती ठाण्याहून निघतात. तुझ्या जुन्या खात्यावरून. जे खातं तू बंद करणार होतास आणि केलं नाहीस.

रोज सकाळी दहा ते बारा. बारा नाहीतर तेरा पत्रं, कमी नाही, जास्त नाही. यंत्राला लावून दिलं असतं तर मिनिटाला मिनिट जुळलं असतं. इथे दोन पत्रांत कधी सहा मिनिटं, कधी अकरा. म्हणजे माणूस बसलेला आहे. २६ तारखेला मात्र एकही पत्र नाही. २७ला पुन्हा सुरू. २६ला तू कुठे होतास? गाडीत?

नावं कुठून घेतली तेही कळलं. आपण दिवाळीच्या शुभेच्छांसाठी सभासदांची यादी छापली होती, तिच्या दोनच प्रती होत्या. एक माझ्या कपाटात आहे. तुला सोडून एकशे त्रेचाळीस नावं. शनिवारपर्यंत पत्रं आली एकशे बेचाळीस. दिवाळीनंतर आलेल्या सहा सभासदांपैकी एकाचंही नाव नाही. तेव्हा छापील यादी समोर ठेवूनच कुणीतरी बसलं आहे.

एकच नाव गाळलं आहे. माझं.

चुकून एखादं नाव राहतं, मान्य. पण एकशे त्रेचाळिसांतलं नेमकं माझंच? रखमाबाई म्हणून आंबिवलीच्या एक नर्स आहेत, ज्यांनी दोन वर्षांत लिस्टवर एक ओळ लिहिलेली नाही. त्यांना बोलावणं आहे. मला नाही. हे ज्याने केलं त्याने मला काहीतरी सांगायचं म्हणून केलं.

काल सोमवारपासून दुसरी फेरी चालू झाली आहे. "मागील पत्राचे उत्तर आले नाही, म्हणून दुसऱ्यांदा कळवितो." तेवीस जण लिस्ट सोडून गेले. त्यातल्या एकाने जाताना लिहिलं की घरच्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा इतक्या आल्या नव्हत्या.

तू ठाण्याला येऊन जातोस आणि तुझे दोस्त कुणी असलेच तर त्यांनाही कळू देत नाहीस, असं माझं मत झालं आहे. ठाण्याच्या घरात तुझ्या आईवडिलांशिवाय दुसरं कोण आहे? मनुकाकू संगणकावर पडदा टाकून त्यावर फुलदाणी ठेवतात. परशुरामकाकांना टीव्हीचा आवाज कमी करायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं.

बोरूची नवी आवृत्ती, ०.५, कुणीही घेऊ नये. तशी सूचना लिस्टवर लावली आहे. जी वस्तू इतक्या आग्रहाने दिली जाते तिच्यात काय आहे हे आधी पाहायला हवं.

आणखी एका ठिकाणी मी हा प्रकार कळवला आहे. कुठे, ते तुला योग्य वेळी समजेल.

शीला


डोंबिवली पूर्व
९ मार्च १९९८

कान्हा,

लिस्ट टिकली. तुला कळवणं माझं काम आहे म्हणून कळवते.

बुधवारी तुझं जुनं खातं अडवलं. त्यावरून आलेलं प्रत्येक पत्र आता दारातूनच परत जातं, वर माझी एक ओळ घेऊन: या पत्त्यावरून पत्रे स्वीकारली जात नाहीत. त्याच दिवशी कलावती मॅडमना लिहिलं की हे कान्हाने केलं, आणि लिस्टवरही तुझ्या नावानिशी तसं जाहीर केलं. मॅडमचं उत्तर आलं: "दोषी माणूस सापडला, प्रकार थांबला, मला पुरे. लिस्ट राहू दे."

तेव्हा झालं. मला हलकं वाटायला हवं होतं.

शुक्रवारी दौलत मास्तरांचं पत्र आलं, टिटवाळ्याहून, आंतरदेशीय. तुझ्या ०.४ ने ज्यांचं नुकसान झालं त्यांनीच माझी सूचना मोडून ०.५ घेतली. लिहितात, चालते आहे, काही पुसलं गेलं नाही, सतरा पानं नव्याने लिहून झाली. पुढे असं: "शीलाताई, आपण लिस्टवर लिहिलेत ते वाचले. परंतु मला आलेले पत्र वाचताना मला असे वाटले की कोणी वडीलधारे दारात येऊन उभे आहेत. अशा पत्राला नाही म्हणता आले नाही."

मास्तरांवरही मला क्षणभर संशय आला, हे लिहून टाकते. तुमचं आधीच काही ठरलं होतं की काय, असा. मग ०.५ चा सोर्स उघडून ओळ अन् ओळ वाचली. दोन दिवस गेले. त्यात काहीही लपवलेलं नाही. फाइल जपून ठेवायचा भाग तू मुळापासून पुन्हा लिहिला आहेस, आणि मी नोव्हेंबरात ज्या चाचण्या मागत होते त्या सगळ्या खाली जोडल्या आहेस. माझ्या मागण्यांच्या क्रमाने.

मग ते असं का पाठवलंस? मला एकच पत्र टाकलं असतंस तर मी तपासून घोषणा केली असती. हे मी लिहिते आहे खरं, पण तुझं पत्र मी उघडलं असतं का, ते सांगता येत नाही.

गुरुवारी होळी आहे. चेंदणी कोळीवाड्यातला माणूस जगात कुठेही असला तरी शिमग्याला घरी येतो, असं तूच ऑफिसात रजा मागताना सांगायचास. परवा सकाळी साडेदहाला मी तुमच्या घरी जाणार आहे, न कळवता. हे पत्र तुला बंगळूरला मिळेपर्यंत तू ठाण्यात असशील, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

तू संगणकासमोर बसलेला सापडावास अशी माझी इच्छा आहे. म्हणजे निदान मी बरोबर ठरेन.

शीला


डोंबिवली पूर्व
१२ मार्च १९९८

कान्हा,

काल गेले होते. जसं झालं तसं लिहिते, मध्ये माझं काही घालत नाही.

दार उघडंच होतं. आत संगणकासमोर चष्मा नाकावर ओढून परशुरामकाका बसले होते आणि एका बोटाने टाइप करत होते. शेजारी आपली छापील यादी. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची एक खूण, काहींपुढे दोन.

मला बघून ते उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आली? बरा झाला. बघ गो, आठ दिस झाले, सगली पत्रां परत येतान. तुला यातला कलतं."

मनुकाकू आतून म्हणाल्या, "आधी तिला बसू दे. पोरगी उन्हातून आली."

मी विचारलं, "काका, ही पत्रं तुम्ही लिहिता?"

"मंग कोन? कान्हाने फोनवर शिकवला, पत्र कसा पाठवाचा. त्याला पाठवता यावा म्हनून. मंग एक दिस तो बोलला, बाबा, बिघाड काडला, बोरू आता नीट झाला. मी बोललो, मंग सांग लोकांना. तो बोलला, मला तिथं तोंड नाय. कोनाला सांगाचा तं तुमी सांगा." त्यांनी यादीवर हात ठेवला. "मंग मी त्याचे नावान सांगाला घेतला."

"पण काका, एकेकाला वेगळं कशाला? तो पत्ता सगळ्यांचा आहे. एकदा पाठवलं की सगळ्यांना जातं."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वावगं बोलले. "म्हंजे टेंभी नाक्यावर उभा राहून वरडाचा? असा वरडला तं कोन येल? नाव घेवून बोलवावा लागते. दारान जावा लागते. आमचे घरान लग्न असला तं मी पुरा कोलीवाडा फिरतो. ज्याने होकार नाय दिला त्याचे घरी दुसऱ्यांदा."

मनुकाकू चहा घेऊन आल्या. "याला आवतान द्याला पाठवला तं दोन दिस घरान येत नाय. प्रत्येक घरान चहा. नवरीचा बाप आमचेकडे विचाराला आला, मानूस कुठं हाय म्हनून."

"तू गप बस," काका म्हणाले. "एक घर नाय सोडला मी."

दौलत मास्तर पहिले का, ते मी विचारलं. म्हणाले, ज्याच्या घरी आपल्यामुळे नुकसान झालं त्याच्या दारात आधी जायचं, बाकीचे मागून. २६ तारखेला पत्रं का नव्हती? "अवस होती. अवसेला कुनाचे दारान जात नाय."

मग मी शेवटचं विचारलं. यादीत माझं नाव आहे, काका, मला का नाही पाठवलं?

ते हसले. "तुला कशाला? लिष्ट तुझी, बोरू तुमचे दोघांचा. घरचे मानसाला कोन आवतान देते? घरच्या मानसाने तं पंगतीन वाडाचं."

मी चहा प्यायले. कपबशी मीच आत नेऊन ठेवली.

काकांनी पुन्हा विचारलं, पत्रं परत का येतात. पडद्यावर माझीच ओळ होती, या पत्त्यावरून पत्रे स्वीकारली जात नाहीत. इंग्रजीत आहे म्हणून त्यांना कळली नाही. मी म्हणाले, "लाइनमध्ये बिघाड आहे, काका. मी बघते." मी त्यांच्याशी खोटं बोलले.

तू नव्हतास. मनुकाकू म्हणाल्या, तुझं तिकीट काढलेलं होतं, पण साहेबाने ऐन वेळी रजा नाकारली, काहीतरी चौकशी लागली आहे. "शिमग्याला पयल्यांदा नाय आला," एवढंच म्हणाल्या. काय चौकशी, ते त्यांना माहीत नाही.

मला माहीत आहे. ३ तारखेच्या पत्रात "आणखी एका ठिकाणी" असं लिहिलं होतं ते हेच. १ मार्चला तुझ्या कंपनीला मी पत्र पाठवलं की त्यांचा एक माणूस त्यांचा माल खपावा म्हणून आमची लिस्ट बुडवतो आहे. दोन पानं, सगळ्या पत्रांच्या वेळा जोडून. पुरावा फार व्यवस्थित होता.

शीला


डोंबिवली पूर्व
१९ मार्च १९९८

कान्हा,

या आठवड्यात काय केलं ते क्रमाने लिहिते. तू उत्तर द्यावंस म्हणून नाही. तुझ्या हातात आता काही गोष्टी आहेत, त्या तुला माहीत असायला हव्यात.

शुक्रवारी रंग होता, फॅक्सचं दुकान बंद. शनिवारी तुझ्या कंपनीला फॅक्स पाठवला: तक्रार खोटी होती, चौकशी न करता केली होती, चूक माझी. फॅक्सची पोच सोबत जोडली आहे. ती तिथे दाखव. त्याने चौकशी थांबेल का, हे मला ठाऊक नाही.

सोमवारी ठाण्याला जाऊन काकांना खरं सांगितलं. एका दिवसात तेरा पत्रांच्या किती प्रती झाल्या, किती लोक गेले, आणि दार मीच लावलं होतं हेही. त्यांनी यादीची घडी घातली. "म्हंजे लोकांना तरास झाला," म्हणाले. तुझ्या नोकरीचं सांगितलं तेव्हा चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, आता बाहेर जा म्हणतील. त्यांनी विचारलं, "कान्हाला सांगितलास?" मी म्हणाले, पत्र टाकलं आहे. मनुकाकू मी निघताना दारापर्यंतही आल्या नाहीत.

मंगळवारी मॅडमना भेटले. मी म्हणाले, दोषी म्हणून मी ज्याचं नाव दिलं तो दोषी नव्हता. ज्यांनी केलं त्यांनी वाईट हेतूने केलं नाही. खोटं नाव मी दिलं आणि त्यावर लिस्ट वाचवली. आता तुम्हाला काढायची असेल तर काढा.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. म्हणाल्या, "शीला, घोषणांचा त्रास एका नियमाने मिटला असता. तू माणूस शोधत बसलीस." मग नियम सांगितला. यापुढे घोषणेसारखं काहीही लिस्टवर थेट जाणार नाही, ते मालकाकडे थांबेल, मालकाने वाचून सोडलं तरच सभासदांना मिळेल. लिस्ट राहील, जुनी पत्रं राहतील. मालक मात्र बदलायचा.

"कुणाला करू?" त्यांनी विचारलं. मी तुझं नाव दिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. मी तुला विचारलं नाही. नको असेल तर मॅडमना कळव, त्या दुसरा कुणी बघतील. पासवर्ड त्या स्वतः पाठवतील, मला तो माहीत नाही.

काल सकाळी मी लिस्टवर जाहीर पत्र पाठवलं. ४ मार्चला तुझ्याबद्दल जे लिहिलं होतं त्याची दुरुस्ती, आणि नोव्हेंबरात लिहिलं होतं त्यातल्याही अर्ध्या भागाची. मला वाटलं होतं, मालक म्हणून माझं हे शेवटचं पत्र असेल. पण मॅडमनी नियम आदल्या संध्याकाळीच लावला होता. दोन मिनिटांत संगणकाचं उत्तर आलं की आपले पत्र घोषणा या सदरात मोडते, ते मालकाच्या मंजुरीसाठी थांबले आहे.

मालक तू आहेस.

मॅडमना सांगून ते पुढे काढता आलं असतं. फोन उचलला होता, पण ठेवला. त्या पत्रात तुझं नाव पुन्हा एकदा सगळ्यांसमोर येतं, आणि या वेळी ते तुला न विचारता यावं असं मला वाटत नाही. त्यात काय लिहिलं आहे ते इथे लिहीत नाही. तू उघडशील तेव्हा वाचशील.

मालकाने संगणकाला द्यायच्या आज्ञा तू गेल्यानंतर बदलल्या, म्हणून त्या सोबतच्या चिठ्ठीवर लिहून दिल्या आहेत. थांबलेलं पत्र सोडायचं असेल तर पहिली, फेकायचं असेल तर दुसरी. दोन्हींत पत्राचा क्रमांक घालावा लागतो. माझ्या पत्राचा क्रमांक एक आहे, नव्या नियमाखाली थांबलेलं पहिलंच. सात दिवसांत काहीच केलं नाही तर संगणक स्वतःच ते काढून टाकतो.

मला वेगळं कळवायला नको. मी आता लिस्टची साधी सभासद आहे. तू सोडलंस तर सगळ्यांबरोबर माझ्याही पेटीत येईल.

शीला